कुरडया आणि रिकामं अंगण

कुरडयांच्या चिकाचा वास आला, की शिरूरजवळचं एक विकाऊ घर आठवतं. जाहिरातीसाठी फोटो काढायला गेलो, तर मालकीणबाई अंगणात बाजेवर जुनं लुगडं अंथरून कुरडया घालत होत्या. "मावशी, जरा बाजूला होता का? फोटोत माणूस नको," मी म्हणालो. त्या भडकल्याच. "माणूस दिसलं न्हाई, तर लोक म्हंतील, घरात कायतरी वंगाळ हाय, म्हणून ओस पडलंय!" मलाही पटलं, पण घर विकणाऱ्या एजंटनं फोटोत कुणी नको, असं बजावलं होतं. शेवटी एक फोटो त्यांच्यासकट काढला, आणि दुसरा बाज हलवून, त्यांच्याशिवाय. माझा मोबाईल हातात घेऊन त्या रिकाम्या अंगणाच्या फोटोकडेच बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "माझ्याबिगर बी बरं दिसतंय की." आजही कुणाला बाजूला व्हा म्हणताना मी अडखळतो, कारण त्यांचं ते बोलणं म्हणजे होकार होता की तक्रार, हेच मला कळलेलं नाही.