राक्षसांचा दहावा

राक्षसांचा दहावा घालणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच, आणि तो माझा सख्खा मामा आहे. हे मी कुणी न विचारताही सांगतो. दिवसभर टेमघरच्या कापड कारखान्यात लूम दुरुस्त करायचे आणि घरी येऊन ग्रीस लागलेल्या बोटांनी अद्भुत कादंबरी लिहायची, असा त्याचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. सात वह्या भरल्यात. त्यांत उडते डोंगर आहेत, बोलत्या तलवारी आहेत, आणि राक्षस तर उदंड. नायक त्यांना सपासप कापतो आणि मामा त्यांचे दिवस घालतो. "मेल्यावर कसला आलाय वैरी?" म्हणतो. दहाव्या दिवशी भाताचा पिंड घेऊन खाडीवर जातो आणि कावळा शिवेपर्यंत हलत नाही. एकदा तीन डोक्यांच्या एका राक्षसाच्या पिंडाला कावळा काही केल्या शिवेना. ऊन चढलं, मामा हात जोडून उभा. शेवटी मामी शोधत आली नि कडाडली, "उपाशी मारलात ना त्याला? मंग कावला कसा शिवल?" मामाने तिथेच वही उघडली आणि लढाईच्या आधी राक्षसाला बोंबलाचं कालवण नि तांदळाची भाकरी वाढली, तिन्ही तोंडांना वेगवेगळी. कावळा आला. योगायोग असेल, पण तेव्हापासून मामी पिंडाचा भात कुरकुर न करता शिजवते.

गेल्या वर्षी पुण्याच्या एका प्रकाशकांनी कादंबरी पसंत केली. मामा आठवडाभर हवेत होता. मग त्यांचा फोन आला: शेवटचं प्रकरण काढा. त्यात सगळ्यांत दुष्ट असा काळराक्षस मरून पलीकडच्या तीरावर जातो, ज्यांना छळलं त्यांचे एकेकाचे पाय धुतो आणि मुक्त होतो. वाचकांना हे पटायचं नाही, तो मेला तिथेच संपवा, असं त्यांचं म्हणणं. पुस्तकावर आपलं नाव बघायची आस मामाने उभी हयात बाळगलेली. मामा शांतपणे म्हणाला, "साहेब, मारला मी हाय. त्याला अर्ध्या वाटेत टाकायचा न्हाय मला." आणि फोन ठेवला. मामी डोळे पुसत आत गेली. मला मात्र त्याचा असा अभिमान वाटला की काय सांगू!

पुस्तक बारगळलं. मग एका शुक्रवारच्या सुट्टीला मामाने ते प्रकरण कारखान्याच्या ओट्यावर कारागिरांना हिंदीत वाचून दाखवलं. हिंदी अशी, की राक्षसाने आणखी एकदा मरावं. सगळे वाहवा करून चहाला उठले. बिहारकडचा एक वयस्क कारागीर, एरवी तोंडातून शब्द न काढणारा, तेवढा बसून राहिला. म्हणाला, "चाचा, वो छूट गया, ये उसकी अम्मा को किसने बताया?"

"किसी ने नहीं बताया रे," मामा म्हणाला आणि चष्मा पुसत बसला. ते प्रकरण कापलं असतं तर हा प्रश्न कुणी विचारलाच नसता. हल्ली मामा आठवी वही लिहितोय. पुस्तक निघायचं तेव्हा निघेल. मामाचं वय मात्र थांबत नाही, याची मला धास्ती वाटते. त्या वहीत एक माणूस काळराक्षस सुटल्याचा निरोप घेऊन त्याच्या आईकडे चाललाय. म्हातारीचं घर अजून लांब आहे.