डावी पाकळी

लाटंबार्शे गावचा सगुण गुरव खोटं बोलतो, असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. देवीच्या अंगाला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालून कौल मागायचा आणि बघत राहायचं. देवीची उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तीस वर्षं हेच काम. अहो, स्वतःच्या पोरीचं, सुविधाचं, साखरपुड्यापर्यंत आलेलं लग्न या माणसाने डाव्या पाकळीवर मोडलं! मुलगा चांगला, डिचोलीत नोकरीला, पोरीच्या मनात भरलेला. सगुणने गाभाऱ्यातून बाहेर येऊन सगळ्यांदेखत सांगितलं, "डावी." संपलं. आज ती चौतिशीत आहे, अंगणवाडीत दुसऱ्यांची मुलं सांभाळते आणि बापाशी कामापुरतं बोलते.

मग त्याच्या बायकोला, गंगाला, धाप लागायला लागली. अंगणातून घरात येईपर्यंत दोनदा बसायची. आडवी झाली की जीव घुसमटायचा. बांबोळीच्या सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तिघांना समोर बसवून कागदावर हृदय काढलं. चार कप्पे. वरचे दोन रक्त घेणारे, खालचे दोन ढकलणारे. अंगभर फिरून आलेलं रक्त उजवीकडे येतं, तिथून फुप्फुसांत जातं, शुद्ध होऊन डावीकडे परततं. डावा खालचा कप्पा ते साऱ्या अंगाला पोचवतो, म्हणून त्याची भिंत सगळ्यांत जाड. रक्त मागे फिरू नये म्हणून मध्ये झडपा. गंगाची डावीकडची झडप लहानपणीच्या सांधेतापाने चिकटून अरुंद झाली होती. रक्त पुढे नीट सरकेना, मागे फुप्फुसांत तुंबत होतं. झडप बदलायची, आणि तीही लवकर.

"बाबा, ह्या उलटा काढलाहा," सुविधा कागदावर बोट ठेवून म्हणाली. "डावी बाजू उजव्या हाताक दाखवल्यानी."

त्या अवस्थेतही सगुणला हसू आलं. "उलटा खंय, गो? हृदय आमच्याकडे तोंड करून बसलाहा. देवीसमोर उभी रवलंस की देवीची डावी बाजू तुझ्या खंयच्या हाताक येता? उजव्याच मां?"

"शाब्बास!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हेच शिकाऊ डॉक्टरांना समजावताना माझा घसा सुकतो."

घरी आल्यावर मात्र गंगा हटून बसली. "देवीक विचारल्याशिवाय मी त्या टेबलार झोपाचंय नाय." सगुणने विनवलं, सुविधा रडली, शेजारणी समजावून थकल्या. बाई ढिम्म हलेना. आणि हलेल कशी? देवीचा शब्द शेवटचा, हे तिला शिकवलं कोणी? नवऱ्यानेच की!

सोमवारी सकाळी सगुणने पाकळ्या लावल्या. गंगा मंडपात खांबाला टेकून धापा टाकत बसली होती. सुविधा समई घेऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभी. सगुणने गाऱ्हाणं घातलं. आयुष्यात पहिल्यांदा तो उत्तर ऐकायला नाही, उत्तर मागायला उभा होता. देवी, हिला नेऊ नको गो, एवढंच त्याच्या मनात.

पाकळी घसरली. डावी.

सगुण ती पाकळी मुठीत घेऊन बाहेर आला, खांबाशी बसलेल्या बायकोकडे बघितलं आणि म्हणाला, "उजवी."

गंगाने हात जोडले. सुविधाने बापाच्या मुठीकडे बघत समई खाली ठेवली.

ऑपरेशन पाच तास चाललं. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "नवी झडप छान उघडते आहे. गंगाबाई बऱ्या होतील." सगुण तिथेच बाकड्यावर बसून लहान मुलासारखा रडला.

सुविधा शेजारी येऊन बसली. तिचेही डोळे वाहत होते. हातात तो हृदयाचा कागद, घड्या पडून मऊ झालेला.

"बाबा, पाकळी माझ्या उजव्या हाताक पडली. म्हणजे देवीची डावी."

सगुणने मान खाली घातली. "व्हय."

"बरा केलात. मी पण ताच केला असता." तिने कागदाची घडी घातली. "पण डावी पडली तरी आई वाचली मां? मगे माझ्या वेळेक काय झाला असता, बाबा?"

आतून नर्सने हाक मारली, "गंगाचं कोण आहे?" सुविधा उठून आत गेली. सगुणला उठवेना.