रुंद तोंडाचा कार्बोरेटर

दादाची बायपास झाली, त्याच महिन्यात त्याने गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. दोन दारांची, जमिनीलगत बसलेली जपानी स्पोर्ट्स कार. मस्कतची नोकरी सोडून आला तेव्हा जहाजातून आणलेली. तिच्या इंजिनात पिस्टन नाहीत. त्याऐवजी दोन तिकोनी रोटर गरगर फिरतात. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा कार्बोरेटर मात्र झिजून गेला होता.

"दुसरा बसव. पण होता त्याच मापाचा घे, मोठा नको," दादा म्हणाला.

मी नाशिकला सातपूरच्या कारखान्यात लेथवर धातू कातण्यात आयुष्य काढलेलं. मापाबद्दल मला कुणी सांगावं हे मला रुचत नाही. मुंबईच्या जुन्या सामानाच्या बाजारात दोन कार्बोरेटर मिळत होते. एक पहिल्यासारखा, दुसरा रेसिंगचा, रुंद तोंडाचा. हवा जास्त तर जोर जास्त, असा हिशेब करून मी दुसरा उचलला.

गाडी मोकळ्या रस्त्यावर पळायची, पण सिग्नलला आचके द्यायची. तरी मी हट्टाने ती घोटीपर्यंत नेली. तिथे चहाला थांबलो आणि परत स्टार्टर मारला, तर नुसताच फिरला, इंजिन सुरू झालंच नाही. भाजीचे रिकामे क्रेट घेऊन नाशिकला निघालेल्या एका पिकअपवाल्याने दोरी बांधून गाडी ओढत आणली. वाटेत माझ्या डोक्यात एकच विचार. रोटरच्या टोकांना दाब धरून ठेवणारी बारीक सील असतात. ती गेली म्हणजे इंजिन गेलं, आणि असं इंजिन उघडणारा इकडे कुणी नाही.

गंगापूर रोडला दादाकडे मी रोज संध्याकाळी जायचो. ते बंद केलं. वहिनीचा फोन आला की म्हणायचो, "जरा कामात आहे."

चौथ्या दिवशी भद्रकालीतल्या एका म्हाताऱ्या कारागिराला रिक्षात घालून घरी आणलं. जीप आणि फियाटचे कार्बोरेटर दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेलेली. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी बॉनेट उघडून बराच वेळ नुसतं पाहिलं.

"असं इंजिन मी कधी खोललं नाही, भाऊ. पण पेट्रोल आणि हवा तर तीच ना?"

त्यांनी प्लग काढले. चारही पेट्रोलने चिंब. एका भोकापाशी कान नेऊन ते म्हणाले, "आता फिरवा." मी स्टार्टर मारला. आतून नुसती फुसफुस आली. "सील गेली," मी म्हणालो.

"घाबरू नका. पेट्रोलने आतलं तेल धुऊन नेलंय, म्हणून दाब धरत नाही." त्यांनी दोन्ही रोटरच्या भोकांत थोडं थोडं इंजिन ऑइल सोडलं. "परत फिरवा."

या वेळी आवाज आला. फक्, फक्, फक्. एकसारखा, नेमका. दुसऱ्या भोकातूनही तसाच.

"इंजिन चांगलं आहे," चाचा म्हणाले. "खराबी तुमच्या पसंतीत आहे."

मी पायरीवर बसलो.

मग त्यांनी समजावलं. कार्बोरेटरच्या आतली नळी एवढी रुंद की हळू चालताना हवेला ओढच राहत नाही. पेट्रोल तुषार होऊन उडत नाही, नुसतं ओघळतं. शिवाय आतल्या पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोटही वर होता. "नळी बारीक हवी. कुठे मिळेल ते मात्र सांगता यायचं नाही."

"मिळायला कशाला हवी? मी करतो," मी म्हणालो.

जुन्या सोबत्याच्या वर्कशॉपात लेथवर उभा राहिलो आणि ॲल्युमिनियमच्या दोन नळ्या कातल्या, आतून निमुळत्या, गुळगुळीत. चाचांनी त्या बसवल्या, फ्लोट खाली घेतला, पेट्रोल सोडणारे बारीक जेट बदलले. मग इंजिन गरम होऊ दिलं आणि मिश्रणाचा स्क्रू पाव पाव फेरा फिरवत ते आवाज ऐकत राहिले. आचके विरळ होत गेले आणि थांबले. एक्झॉस्टवर हात धरून ते म्हणाले, "बस. आता हिला हात लावू नका."

लगेच मी गाडी घेऊन थेट दादाच्या दारात गेलो. वहिनीने दार उघडलं. तिचा चेहरा उतरलेला होता. दादा पलंगावर टेकून बसला होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. मोठा कार्बोरेटर, घोटी, दोरी.

दादाने विचारलं, "म्हणजे माझे रिपोर्ट चांगले आहेत?"

"कसले रिपोर्ट?"

"मागच्या आठवड्यातले. डॉक्टर म्हणाले सगळं ठीक आहे. पण तू यायचा बंद झालास, तेव्हा मला वाटलं, काहीतरी वाईट निघालंय, डॉक्टरांनी ते फक्त तुला सांगितलंय आणि तुला माझ्यासमोर बसवत नाहीये. ही पण चार दिवस तोच विचार करतेय."

वहिनी भिंतीला टेकून खाली बसली आणि पदराने डोळे पुसू लागली. दादाने माझा हात धरून मला शेजारी बसवलं.

"गाढवा," तो म्हणाला, "इंजिन गेलं असतं तरी चाललं असतं."

त्या संध्याकाळी तिघांनी पोटभर जेवण केलं. दादाने भात दोनदा घेतला.