मामीच्या गाठीची कड

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मामी कशाने गेली ते तिला ठाऊक आहे, कॉम्प्युटर चुकला हेही ठाऊक आहे — सगळ्यांना एवढंच ठाऊक आहे. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मामीला ओळखत नव्हता, म्हणून असेल.

गोवा राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी मुळगावचा. एका इस्पितळात कॉम्प्युटरवर बसायचो आणि गावात त्याचा भलताच भाव खायचो. काम काय? स्तनातल्या गाठीचा एक्स-रे पडद्यावर घ्यायचा आणि माऊसने गाठीची कड गिरवायची. ती किती वेडीवाकडी आहे ते कॉम्प्युटर मोजायचा. कड गुळगुळीत असली तर गाठ बहुधा जागच्या जागी. काटे फुटलेले असले तर ती आजूबाजूच्या मांसात शिरत असणार. मोजतं यंत्र, पण गिरवतो माणूस — हे लोक विसरायचे. मला ते बरंच वाटायचं.

आमच्याकडे कुणाचं ना कुणाचं नातं निघतंच, म्हणून डॉक्टर एक्स-रेवरचं नाव पट्टी लावून झाकायचे. तरीही ओळख पटली, तर दुसऱ्याने गिरवायचं. कोरगावच्या मामीला तर मीच घेऊन आलो होतो. पट्टीखाली कोण आहे ते मला माहीत होतं — आणि मी गप्प बसलो. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. तिची गाठ परक्याच्या हाती द्यायची भीती वाटली.

चवथ, म्हणजे आमची गणेशचतुर्थी, तोंडावर आली होती. बाहेर बाकावर मामीला सणाच्या करंज्या करायला मिळतील ना याचीच काळजी. तिने विचारलं होतं, "बाबू, चवथीक नेवऱ्यो करूंक मेळतल्यो मरे?"

काटे दिसत होते. अंधुक, पण दिसत होते. दुसऱ्या कुणाची गाठ असती तर मी एकेक काटा गिरवला असता. इथे मात्र माझा हात काट्यांच्या आतून वळला — मधला पांढरा गोळा तेवढा घेतला. छान गोल. ते अंधुक म्हणजे काही नाही, असं स्वतःला सांगितलं. पटलं का? नाही. क्षणभरही नाही.

कॅन्सर आहे हे आधीच कळलं होतं, प्रश्न किती कापायचं एवढाच होता. आकडा चांगला आला. डॉक्टरांना शंका होती, तरी त्यांनी आकड्यावर विश्वास ठेवला आणि नुसती गाठ काढली. मामी चवथीला घरी होती.

पुढच्या चवथीआधी आजार काखेत उठला, मग हाडांत. डॉक्टरांनी कॉम्प्युटरला दोष दिला आणि ते काम बंदच केलं. तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं ना? मी मान डोलावली. ज्या बायकांना त्या यंत्राचा उपयोग झाला असता, त्यांचं काय झालं ते मला माहीत नाही.

शेवटी शेवटी मामीच मला समजवायची. "तुजो कितें दोश, पुता? मशीन तें. तूं जेव पळोवया."

मशीन चुकलं नव्हतं. मी दिलेली खोटी कड त्याने बरोबर मोजली होती. तेवढंच तिला सांगायचं होतं. ती शुद्धीवर होती, खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी ताट पुढे ओढलं आणि जेवलो.