गेममध्ये विकलेला बैल

माझ्या धाकट्या चुलतभावाने मला फसवलं. माझी जबान आणि माझा बैल उचलून त्याने मोबाइलवरचा गेम केला, आणि शाबासकी एकट्याने घेतली.

तो जालन्यात ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतो. त्याने आयुष्यात वासरूसुद्धा विकलेलं नाही. मी आष्टीच्या बाजारात दुसऱ्यांच्या जनावरांचे दोर धरत धंदा शिकलो. मागच्या उन्हाळ्यात तो सारखा घरी यायचा. "दादा, रुमालाखाली सौदा कसा करता, सांगा ना." आमच्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली हात घालून समोरच्याची बोटं दाबायची. बघणाऱ्यांना आकडा कळत नाही. मला वाटलं, भावाला आपल्या धंद्याचं कौतुक आहे. त्याचा हात धरून मी सगळं शिकवलं.

दिवाळीत त्याने घरच्यांसमोर गेम काढला. चित्र दिसतं, खाली बोलणं उमटतं, आणि दिलेल्या उत्तरांतलं एक निवडलं की गोष्ट पुढे सरकते. पैसा लावलेला नाही हे लगेच दिसलं. सगळ्या बाजारात एकच फेटेवाला, जागोजागी चिकटवलेला. बैलाचं शेपूटही हलेना.

"खर्चा वाचवला का रे? बैल मेल्यावानी दिसून राह्यला."

"बराबर आहे, दादा. पण बोलणं वाचा मंग."

वाचलं. 'दात बघून झाले असतील तर आता खिसा दाखवा, पाव्हणं.' हे माझं वाक्य! सौद्याच्या वेळी तर पडद्यावर नुसता रुमाल आणि दोन चेहरे. हातांची चित्रं काढायला पैसे नव्हते म्हणून ती झाकली, आणि तेच नेमकं जमून गेलं. सगळे श्वास रोखून बघत होते. लग्नापासून माझ्या बाजाराबद्दल एक शब्द न विचारलेली माझी बायको त्याला म्हणाली, "मंग पुढं काय होतं, भाऊजी?"

मी मोबाइल ओढून घेतला.

गोष्ट माझीच होती. पहिल्यांदा स्वतःचा बैल घेऊन बाजारात उभा होतो. वाटूरच्या व्यापाऱ्याने रुमालाखाली चांगला भाव दिला, पण मला दोर धरणारा पोरगा समजून माझं बोट पिरगाळलं. मी हात काढून घेतला आणि बैल घरी आणला. त्या दिवसापासून बाजार मला व्यापारी म्हणायला लागला.

गेममध्ये 'हात काढून घे' असं उत्तर होतं. मी ते निवडलं. पुढच्या चित्रात बैल विकलेला! पुन्हा खेळलो, पुन्हा विकलेला.

"मी बैल विकला न्हाई! तुला सांगितलं होतं."

"दादा, घरी परतायचा रस्ता दाखवायचा तर अजून चित्रं लागली असती. खेळणाऱ्याला काय कळतंय?"

मी मोबाइल खाटेवर फेकला.

"अहो, गेम तर आहे," बायको म्हणाली.

आता तो गेम नात्यागोत्यात सगळ्यांच्या मोबाइलवर आहे. लग्नकार्यात भाचे मला विचारतात, "मामा, शेवटी किती बोटांवर मान तुकवली?" आणि भावाच्या पाठीवर थाप मारतात.

बाबा रे, चित्रं महाग होती, मान्य. पण मग 'हात काढून घे' हे उत्तर तिथे लिहिलंस कशाला? मी तेच निवडलं होतं. मग माझा बैल विकला कोणी? घरी ये आणि तुझ्या वहिनीसमोर याचा जबाब दे.