आधी बेली

हसायचं असेल तर चहा आधी संपवा, मग सांगतो. माझ्या अंगावर सांडू नका.

आमच्या नौबादच्या वसाहतीत बागेसाठी सोडलेली जागा आहे. बाग कसली, उकिरडा. कचऱ्याची गाडी तिथंच रिकामी व्हायची. झाडं लावून जगवा, मग गाडी बंद करू, असं नगरसभेच्या साहेबांनी सांगितलं. झालं, शेजारी पेटले. म्हणजे इस्त्रीचे कपडे घालून सगळ्यांनी एकाच फावड्याला हात लावला अन् फोटो काढला. असल्या नाटक्यांच्या हातून झाड जगतंय व्हय?

पुढाकार शेजारच्या नीलम्मा अक्काचा. ती लेकीकडं कलबुर्गीला निघाली, अन् बसमधून मला फोन केला. अक्का घाईत असली की कन्नडच बोलते.

"मोदल बेली हाकरी, अण्णा."

आपलं कन्नड फर्डं. नोकरी सगळी उदगीरला झाली म्हणून काय झालं? मोदल म्हणजे आधी, हाकरी म्हणजे घाला. अन् बेली? बेल, दुसरं काय. शंकराची भक्त बाई, आधी बेलच सांगणार.

बायको म्हणाली, "अवं, एकदा इचारून घ्या की."

"कामून इचारू? मला कन्नड येत न्हाई व्हय?"

राजेश्वर गावाहून टेम्पोभर बेलाची रोपं आणली. नाटक्यांना खड्डे खणायला लावलं.

त्यातला एक म्हणाला, "काका, कुंपण न्हाई का करायचं?"

"अक्काचा निरोप हाय, आधी बेल. तुमाला काय कळतंय? तुमी फोटो काढा."

अक्का परतली त्या सकाळी जागेत शेळ्या निवांत रवंथ करत बसल्या होत्या. रोपांच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या. कडेला कचऱ्याची गाडी रिकामी होत होती.

"अण्णा, बेली कुठाय?"

"शेळ्यांनी खाल्ली."

"बेली कशी खातेत शेळ्या? बेली म्हंजे कुंपण."

सगळे नाटके पोट धरून हसले. मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

शेवटी त्यांनीच पुन्हा रोपं लावली, भोवती बाभळीचे काटे रोवले. येण्याजाण्यापुरती फट तेवढी ठेवली. फाटक होईपर्यंत तिथं काठी घेऊन खुर्चीवर मी बसतो.

परवा साहेब आले. हिरवीगार रोपं बघून त्यांनी कचऱ्याची गाडी बंद केली. जाताना फटीपाशी थांबले.

"इथं बेली कामून न्हाई?"

अक्कानं माझ्याकडं बोट केलं.

"हाय की, साहेब. बसलीय."