तंगुसाचा दोरा

पूर्णगडच्या बंदराकडे उतरणाऱ्या वाटेवर धाकू शिवलकराचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक फळी, एक स्टूल आणि जुन्या रेडिओंचा ढीग. आतल्या विजेच्या भानगडी त्याला बेताच्याच कळत. पण झिजलेलं बटण, तुटलेली खटकी, अडकलेलं चाक दिसलं की स्वारी जेवणखाण विसरायची. बटण सैल झालं तर आत करवंटीची पाचर मारायचा, चाक मोडलं तर दात घासायच्या जुन्या ब्रशाचा दांडा कापून नवं घडवायचा. असले उद्योग करण्यात त्याचा जन्म गेला, आणि त्यात तो सुखी होता.

ऐंशीनंतरची ती वर्षं. सुती जाळी मागं पडून नायलॉनची जाळी आली होती आणि त्या नायलॉनच्या दोऱ्यावर, तंगुसावर, गावाची देवासारखी श्रद्धा बसली होती. चप्पल तुटली, तंगूस. खाट सैल झाली, तंगूस. त्यामुळे थोरला भाऊ काशीराम होडी लोटायच्या घाईत वडिलांच्या वेळचा, चामडी पेटीतला ट्रान्झिस्टर घेऊन आला तेव्हा धाकूनंही तेच केलं. बटण फिरवलं की काटा सरकवणारा डायलचा दोरा तुटला होता. मुंबईहून येणारा खास दोरा संपलेला. त्यानं बारीक तंगूस ओवला, जाळ्याची गाठ मारली आणि वर ऐट केली, "दादा, सुरमय तोडू शकत नाय, तो ह्यो काटा काय तोडणार!"

काशीराम गेला. दोन दिवसांनी चहावाले आप्पा आपला रेडिओ घेऊन आले. त्यातही धाकूनं तंगूसच घातला होता.

"धाकू, बटण फिरतंय, पण काटा जागचा हलत नाय रे."

धाकूनं पाठ उघडली. उन्हानं तंगूस सैल पडला होता आणि गुळगुळीत चाकावरून नुसता घसरत होता. सुती दोरा चाकाला धरून राहतो, तंगूस धरत नाही. काशीरामच्या ट्रान्झिस्टरमध्येही हाच तंगूस होता. काशीरामला रात्री गाणी लावायची खोड. एकदा का काटा गाण्यांवर नेला की वादळाची सूचना देणारं रत्नागिरी केंद्र पुन्हा लागणार नव्हतं.

आणि दुपारी फळीवरचा त्याचा स्वतःचा रेडिओ बोलला. वादळ येत होतं, मच्छीमारांनी ताबडतोब किनाऱ्याला परतावं. बंदरात धोक्याचा बावटा चढला. एकेक होडी आत येऊ लागली. धाकू प्रत्येकीचं शीड ओळखायला धावत होता. काशीरामची होडी कुणाला दिसली नव्हती.

मथुरावहिनी पदर डोक्यावर घट्ट धरून वाळूत उभी होती.

"भावोजी, रेडिओ नीट केलात ना? ह्यांनी ऐकलं आसंल ना?"

"होय वहिनी," धाकू म्हणाला. "नवा दोरा घातलाय."

खोटं बोलला, आणि बोलल्याबरोबर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. समोर समुद्र काळा पडत होता. मनात तो बोट बटणावर ठेवून फिरवत राहिला, फिरवत राहिला, आणि काटा हलेना. देवा, त्याला गाणी नकोत, त्याला गाणी आवडेनाशी कर, असलं खुळचट मागणं तो मागू लागला. एकदा वहिनीला सगळं सांगावं म्हणून वळला, पण तिचा चेहरा बघून पुन्हा समुद्राकडे तोंड करून उभा राहिला.

अंधार पडता पडता, वारा फुटायच्या बेतात असताना खाडीच्या तोंडाशी शीड दिसलं. काशीरामच होता. उतरल्या उतरल्या त्यानं ट्रान्झिस्टर भावाच्या छातीवर आदळला.

"मेल्या, कसला दोरा घातलास? पहिल्याच रात्री बटण गरगर फिरायला लागलं. गाणी नाय, बातम्या नाय, नुसती खरखर! खलाशी माझा जीव खायला लागले. म्हटलं, परत फिरू आणि ह्याच्या कानाखाली वाजवू."

"वादळाचं ऐकलं नाय?" धाकूनं विचारलं.

"कशावर ऐकणार? धर, आता नीट बांध."

माणसं हसली. धाकू मात्र तिथंच वाळूत बसला आणि हमसून हमसून रडला. काशीरामला वाटलं, आपण फारच बोललो.

मथुरावहिनी हसली नाही. तिनं ट्रान्झिस्टर उचलला, बटण एकदा पुढं, एकदा मागं फिरवून पाहिलं, आणि मग धाकूकडे पाहिलं.

"नवा दोरा," ती म्हणाली, आणि रेडिओ त्याच्या मांडीवर ठेवून नवऱ्यामागून घराकडे गेली.